मासा परत सोडता येईल अशी गरी

(पणजीतल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

गरवायला जाणारी दोन माणसं भेटली की बोलणं रॉडपासून सुरू होतं. किती फुटी, कुठल्या कंपनीचा, केवढ्याला घेतला. मग रीळ, मग दोरी, आणि वेळ उरलाच तर शेवटी गळ. मी आज उलट्या दिशेने येणार आहे. माशाच्या तोंडात जातो तो गळ, तिथून निघायचं आणि लीडर (गळाला लागून असलेला जाड दोरीचा तुकडा), गाठ, दोरी, रीळ असं करत हातापर्यंत यायचं. मासा ठेवायचा की सोडायचा हे तो काठावर आल्यावर ठरवू, असं आपण धरून चालतो. पण तो सोडण्याजोगा राहील की नाही, हे आदल्या रात्री घरात साहित्य बांधतानाच बरंचसं ठरून गेलेलं असतं. चुकीचा गळ, बारीक दोरी, सैल ड्रॅग (मासा ओढू लागला की दोरी सुटू देणारा रिळाचा ब्रेक) एवढं जमलं की आपल्या मनात कितीही दया असो, पाण्यात परत जातो तो अर्धमेला मासा.

हे कुणासाठी सांगतोय? गोव्यात खाडीकाठी गरवणाऱ्या कुणालाही विचारा, मनात एकच मासा असतो: चोणक. रायगडात ज्याला जिताडा म्हणतात तोच. उजेड पडला की डोळे चमकतात, पाठ बाकदार, आणि आमिष चावून धरण्याऐवजी पाण्यासकट आत ओढून घेण्याची सवय. रात्रीच्या शांत पाण्यावर तो ‘टॉक्’ असा आवाज ज्याने एकदा ऐकला, तो पुढची वर्षं त्या आवाजासाठी जागतो. या माशाचं आयुष्य विलक्षण आहे. बहुतेक चोणक सुरुवातीला नर असतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी ते नर म्हणून वयात येतात आणि पुढे साधारण सहा ते आठ वर्षांचे झाले की मादी होतात. म्हणजे मीटरभर लांबीचा चोणक गळाला लागला तर ती जवळजवळ नक्कीच मादी. पावसाळ्यात हे मासे नदीच्या मुखाकडे उतरतात, तिथे खाऱ्या पाण्यात अंडी घालतात. एकेक मोठी मादी लाखोंनी अंडी सोडते. पिल्लं मग भरतीबरोबर खारफुटीत, खाजनांत (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनींत), गोड्या पाण्याच्या ओहोळांपर्यंत शिरतात आणि तिथे वाढतात.

आता विचार करा. जाळी, मानशी (खाजनाच्या बांधातल्या पाण्याच्या झडपा), बगळे, पाणमांजरं, आपल्यासारखे गरवणारे, या सगळ्यांना चुकवून जो मासा सात-आठ वर्षं जगला तोच मादी झाला. आणि नेमकी तीच आपल्याला फोटोसाठी हवी असते. मी मासे खाणारा माणूस आहे. रवा लावून तळलेली चोणकाची तुकडी माझ्याही पानात असते आणि असावी. पण पानात येणारा मासा आणि पाण्यात राहायला हवा तो मासा, हे दोन वेगळे आहेत. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात हाच मासा गरवण्यासाठी दोन्ही बाजूंनी मर्यादा आहे: ५८ सेंटिमीटरहून लहान ठेवायचा नाही आणि १२० हून मोठाही नाही. वरची मर्यादा मोठ्या माद्यांसाठी. आपणही स्वतःपुरती अशी रेघ आखावी असं मला मनापासून वाटतं. माझी रेघ जास्त कडक आहे: ६० ते ८० सेंटिमीटरमधला एखादा घरी, बाकी सगळे पाण्यात.

तर, गळ.

जपानमधल्या ओकिनावा बेटावर साकितारी नावाची गुहा आहे. तिथे शंखाचं कवच घासून केलेले गळ सापडले, सुमारे २३,००० वर्षांपूर्वीचे. वाकवलेला काटा आणि त्याला बांधलेली दोरी, ही कल्पना इतकी जुनी. प्रशांत महासागरातल्या बेटांवरचे कोळी हाडाचे, शिंपल्याचे गळ करत आणि त्यांचं टोक पुष्कळदा आत, दांड्याकडे वळलेलं असे. आज दुकानात ‘सर्कल हुक’ म्हणून मिळतो तो त्याच घाटाचा. जिवंत आमिष लावणाऱ्यांनी दुसरा गळ वापरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. साध्या जे आकाराच्या गळाचं टोक समोर बघत असतं. माशाने आमिष गिळलं आणि आपण ओढलं की ते घशात, नाहीतर आतड्यात रुततं. सर्कल हुकचं टोक आत वळलेलं असल्यामुळे ते वाटेत कुठे अडकत नाही. मासा वळून चालू लागला की गळ घसरत तोंडाच्या कोपऱ्याशी येतो आणि जबड्याला पकड घेतो. अट एकच, झटका मारायचा नाही. दोरी ताणली गेली की शांतपणे रीळ फिरवत राहायचं. वर्षानुवर्षं झटका मारायची सवय असलेल्या हातांना हे जड जातं, पण एकदा अंगवळणी पडलं की मासे सुटण्याचं प्रमाण कमीच होतं. आमिष म्हणून लावलेल्या बोटाएवढ्या शेवटा माशासाठी ४/० किंवा ५/० आकाराचा गळ पुरतो. सुंगटासाठी, म्हणजे कोळंबीसाठी, त्याहून लहान.

गळावरचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. दोरीवरचा ताण सोडला नाही तर मासा सुटत नाही, आणि काढताना मात्र गळ क्षणात निघतो. तुमच्या स्वतःच्या बोटातूनही क्षणात निघतो, हेही लक्षात असू द्या. आणि खाऱ्या पाण्यासाठी स्टेनलेस गळ घ्या असं कुणी सांगितलं तर घेऊ नका. दोरी तुटून मासा गळासकट गेला, तर साधा पोलादी गळ गंजून झिजतो, स्टेनलेस तसाच राहतो.

आता नकली आमिषं, म्हणजे ल्यूर. फिनलंडमधल्या लाउरी रापाला नावाच्या कोळ्याने १९३६च्या सुमाराला बुचाच्या लाकडाचा मासा कोरला आणि त्याला चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी गुंडाळली. जखमी मासा कसा लटपटत पोहतो ते त्याने होडीतून बघून ठेवलं होतं. आज आपण मांडवीत फेकतो ते मिनो, म्हणजे माशाच्या आकाराचे ल्यूर, त्याच निरीक्षणाचे वारस आहेत. अडचण त्यांना टांगलेल्या तिहेरी गळांची. एका मिनोला दोन तिहेरी गळ, म्हणजे सहा टोकं. चोणक आमिष पूर्ण आत ओढतो, त्यामुळे एक गळ तोंडात, दुसरा कल्ल्यात नाहीतर डोळ्याशी. अशा माशाला सोडवायला पाच-पाच मिनिटं जातात. म्हणून मी तिहेरी काढून एकेरी गळ लावतो. गळ बदलले की मिनोचं वजन बदलतं. तरंगणारा बुडू लागेल किंवा त्याची लटपट मरेल, म्हणून जुन्या गळांच्या वजनाला जवळ जाणारेच एकेरी घ्यायचे आणि बादलीत सोडून बघायचं. मऊ रबरी मासा आणि जिग हेड (शिशाचं डोकं असलेला गळ) वापरणाऱ्यांना हा प्रश्नच नाही. तिथे मुळात एकच गळ असतो, आणि तोही बहुतेक वेळा वरच्या जबड्यात लागतो. नवशिक्यांना मी पहिली खरेदी हीच सांगतो.

गळाच्या मागे येतो लीडर. इथे मासा ओळखावा लागतो. चोणकाला कापणारे दात नाहीत. त्याचं तोंड कानशीसारखं खरखरीत असतं आणि कल्ल्याच्या झाकणाची कड ब्लेडसारखी. त्याच्यासाठी ४० पौंड ताण पेलणारा फ्लुओरोकार्बनचा लीडर पुरतो, खडकाळ जागी ५०. तांबोशीला पुढे सुळे आहेत, पण तिची खरी ताकद वेगळी: गळ लागला त्याच क्षणी ती खडकाच्या किंवा खारफुटीच्या मुळांच्या आत शिरते. तिथे कालवं चिकटलेली असतात आणि कालवांच्या कडेपुढे कुठलीच दोरी टिकत नाही. इसवणाचे, म्हणजे सुरमईचे, दात मात्र कातरीचे. त्याच्यासाठी थोडी तार लावल्याशिवाय जाणं म्हणजे माशाच्या तोंडात ल्यूर सोडून परत येणं. तो मासा मग तोंडात तीन गळ घेऊन फिरणार. म्हणून तार ही माशाचीच सोय आहे.

फ्लुओरोकार्बनच का, असं मघाशी एका ताईंनी चिठ्ठीवर विचारलंय. चांगला प्रश्न आहे. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लुओरोकार्बनचा १.४२ आणि नायलॉनचा १.५ च्या वर. पाण्याशी जितकं जवळ तितकं पाण्यात कमी दिसतं. पण आपल्या खाड्यांचं पाणी वर्षातला बराच काळ गढूळ असतं, त्यामुळे दिसण्या-न दिसण्याला मी फार किंमत देत नाही. किंमत आहे ती घासलं गेल्यावर टिकण्याला. नायलॉनचा जाड लीडर बांधलात तरी चोणक निघेल, काही बिघडत नाही.

गाठीवर मात्र मला थांबायचंय. मासा तुटून जातो तो नव्वद टक्के गाठीत, असं जुने लोक म्हणतात. आकडा सोडून द्या, म्हणणं खरं आहे. ब्रेडेड लाइन, म्हणजे रिळावरची विणलेली दोरी, बारीक आणि गुळगुळीत, लीडर जाड आणि कडक. या दोघांची सोयरीक जुळवायला सगळ्यात चांगली गाठ म्हणजे एफजी. तिच्यात लीडरला गाठच मारत नाहीत. ब्रेडेड लाइनचे वेढे लीडरवर एकदा वरून, एकदा खालून असे आलटून-पालटून वीसेक घ्यायचे, आणि ताणलं की ते वेढे लीडरच्या अंगात बसतात. जितकं ओढाल तितकी पकड घट्ट. रॉडच्या कड्यांमधून ती अडखळल्याशिवाय जाते, त्यामुळे लीडर लांब, दीड-दोन मीटर ठेवता येतो आणि मासा पायाशी आल्यावर लीडर हातात धरता येतो. वेढे घेताना दोन्ही दोऱ्या ताणलेल्या हव्यात, हे पहिलं. घट्ट करण्यापूर्वी गाठ थुंकीने ओली करायची, हे दुसरं. कोरडी गाठ ओढली की घर्षणाने तापते आणि दोरी तिथेच कमजोर होते. आणि शेवटी हाताला फडकं गुंडाळून जोर लावून ओढून बघायचं. वेढ्यांचा रंग गडद झाला, गाठ सरकली नाही, तर झाली. वाऱ्यात, काळोखात, खडकावर उभं राहून एफजी बांधणं कठीण. त्या वेळी डबल युनी मारायची, ती जाड होते पण विश्वासाची आहे.

दोरीचं म्हणाल तर ब्रेडेड लाइन ताणत नाही. म्हणून मुडदुशासारख्या लहान माशाने वाळूवर केलेली बारीक टुकटुकही बोटाला कळते. नायलॉन ताणतं, धक्का पचवतं, आणि स्वस्त आहे. खाडीत चोणकासाठी २० ते ३० पौंडाची ब्रेडेड. त्याहून बारीक घेऊ नका. बारीक दोरीवर मोठा मासा काढण्यात एक मर्दुमकी आहे असं समजलं जातं, आणि मला ते अजिबात मान्य नाही. बारीक दोरी म्हणजे सैल ड्रॅग, सैल ड्रॅग म्हणजे वीस-वीस मिनिटांची झुंज. माशाच्या स्नायूंत तेवढ्या वेळात आम्ल साचतं, रक्तातला प्राणवायू संपत येतो. काठावर येतो तेव्हा तो आडवा पडलेला असतो. आपण त्याला सोडतो, तो डौलात जातोय असं वाटतं, आणि खाली जाऊन मरतो. गरम पाण्यात हे अधिकच घडतं, कारण त्यात प्राणवायू कमी असतो. एप्रिल-मेच्या दुपारी खाडीचं उथळ पाणी किती तापतं ते इथे बसलेल्या सगळ्यांना माहीत आहे. त्या वेळी मी चोणकाच्या मागे जात नाही.

ड्रॅग अंदाजाने लावू नका. दोरीच्या ताकदीच्या चौथा हिस्सा ते एक-तृतीयांश, असा दंडक आहे. ३० पौंड म्हणजे साधारण साडेतेरा किलो, तर ड्रॅग साडेतीन ते साडेचार किलो. बॅगा तोलायचा काटा दोरीच्या टोकाला अडकवा, रॉड वाकवून धरा आणि कुणाला तरी ओढायला सांगा. साडेतीन किलोवर रीळ सुटायला लागलं पाहिजे. पहिल्यांदा करून बघणाऱ्याला हा ड्रॅग भलताच घट्ट वाटतो. मासा लागल्यावर कळतं की एवढाच हवा होता.

रीळ ३००० किंवा ४००० आकाराचं. घरी आल्यावर ड्रॅगची कळ घट्ट करून नळाच्या बारीक धारेखाली धुवायचं, म्हणजे आत पाणी जात नाही. पुसून मग कळ पूर्ण सैल करून ठेवायची, नाहीतर आतल्या चकत्या दाबून बसतात. भरधाव नळाखाली धरू नका, मीठ आत ढकललं जातं. रॉडवर मी फार बोलणार नाही: धक्क्यावर आठ फुटी, खडकावर नऊ-दहा, होडीत सात. त्यावर किती ग्रॅमचं आमिष फेकायचं ते लिहिलेलं असतं, ते वाचा.

इथवर हातापर्यंत आलो. आता पाणी.

आपल्याकडे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक सुमारे दोन मीटरचा, भांगाला (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला) त्याच्या निम्मा. कोकणपट्टीत जुना हिशेब आहे: तिथीला पाऊण तासाने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो, त्यावर हा हिशेब उभा आहे. तो मुंबईला चपखल बसतो. भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेला जाते, त्यामुळे गोव्यात पाणी त्याच्या आधी भरतं, आणि नदीत आत जावं तसतसं उशिरा. आग्वादला भरती पूर्ण झाली तरी दिवाडीला पाणी अजून चढत असतं. मांडवी आणि जुवारीत भरतीचा परिणाम समुद्रापासून सुमारे पन्नास किलोमीटर आतपर्यंत जाणवतो. मोबाइलवर आता मुरगाव बंदराचे भरती-ओहोटीचे तक्ते मिळतात, ते जरूर बघा. पण तिथी मनात ठेवलीत तर कॅलेंडर बघूनच आठवड्याचा बेत आखता येतो.

चोणक भरतीला हिंडतो आणि ओहोटीला थांबतो, असं मी गेली कित्येक वर्षं बघत आलोय. खाजनाचा बांध आणि त्यातली मानस तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. लाकडी झडपा भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. झडपा उघडल्या की आतलं पाणी सुंगटं, काळुंदरांची पोरं, बारके शेवटे घेऊन बाहेर पडतं. शेवटो म्हणजे आपला राज्यमासा, चोणकाचं आवडतं खाणं. धारेच्या तोंडासमोर चोणक कधीच उभा नसतो. धार आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासतात त्या रेषेच्या संथ बाजूला, नाक धारेकडे करून असतो. आमिष धारेत टाकायचं आणि धारेनेच त्या रेषेवर आणू द्यायचं. पण मानशीची पावणी, म्हणजे लिलाव, झालेली असते, तिथली मासळी पावणी घेणाऱ्याची. त्याला विचारल्याशिवाय तिथे गरी टाकू नये. विचारलं तर बहुतेक जण बाहेरच्या अंगाला उभं राहू देतात, आणि शिवाय कालचं पाणी कसं होतं तेही सांगतात.

पुलांखाली हाच खेळ उजेड-सावलीचा. दिव्यांच्या उजेडाला सुंगटं आणि बारकी मासळी जमते, चोणक सावलीच्या कडेला आत उभा राहतो. एका अमावस्येच्या आसपास मांडवीच्या उत्तर काठावर मी असाच सावलीच्या रेषेवर जिवंत शेवटो सोडून बसलो होतो. शिसं दोरीवर मोकळं सरकणारं होतं, म्हणजे माशाला वजन लागत नाही. खाली मणी, स्विव्हल (फिरणारी कडी) आणि हातभर लीडर. ओहोटी जोरात लागली आणि दोरी आधी सैल पडली, मग हळूच बाजूला चालू लागली. मी फक्त रीळ फिरवलं. पहिल्या धावेतच चोणकाची मादी पूर्ण पाण्याबाहेर आली, डोकं हलवताना कल्ल्यांचा खडखड आवाज आला. चार किलोच्या ड्रॅगवर ती खांबाकडे तीनदा वळली आणि तिन्ही वेळा फिरली. काही मिनिटांत काठाशी. लांबी मीटरच्या वर. गळ जबड्याच्या कोपऱ्यात, पकडीने एकदा फिरवला आणि निघाला. पाण्यातच, पोटाखाली हात देऊन तिचं तोंड धारेकडे धरलं. माझ्या हाताला शेपटीचा एक जोरदार फटका बसला आणि ती गेली. त्या रात्री घरी मासळी नव्हती, आणि मला त्या नदीबद्दल जे वाटलं ते मी अजून विसरलेलो नाही.

मासा हाताळण्याचं इथेच सांगतो. हात आधी ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो आणि तिथून रोग शिरतो. मोठ्या माशाला जबड्याला धरून उभं टांगू नका, त्याचा मणका आणि आतले अवयव पाण्याच्या आधारावर वाढलेले असतात. आडवा, दोन हातांवर. कल्ल्यात बोटं नकोत. जाळं घ्यायचं तर रबरी. गळ घशात गेलाच असेल तर ओढाताण न करता दोरी तोंडाजवळ कापा. असे मासे गळ उपटून काढलेल्या माशांपेक्षा जास्त जगतात. समुद्रातल्या ग्रँड आयलंड बेटाच्या बाजूला खोलवरून गोबरा किंवा तांबोशी काढलीत तर तिचं पोट फुगलेलं दिसेल, कारण दाब कमी होऊन आतली हवेची पिशवी फुगते. तो मासा वर तरंगतच मरतो. तिथे सोडण्याच्या गप्पा करू नयेत. खाण्यापुरते दोन काढावेत आणि गरी गुंडाळावी. फक्त महाकाय जातीचा गोबरा २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहे, त्याला हात लावायचा नाही.

सगळ्यांनी चोणकाच्याच मागे लागावं असंही नाही. मिरामारच्या वाळूवर सकाळच्या पहिल्या पाण्यात मुडदुशे गरवण्यात जो आनंद आहे तो मला कशातच मिळत नाही. आठ नंबरचा बारीक गळ, हलकं शिसं, सुंगटाचा नखाएवढा तुकडा. लाट फुटून परत जाते तिथे वाळूत जी घळ पडते, त्या घळीत टाकायचं. शंभर फूट लांब फेकून उपयोग नाही, मुडदुसा पुष्कळदा गुडघाभर पाण्यात असतो. काळुंदराला बोयाखाली कणकेची गोळी, खारफुटीच्या मुळांच्या अगदी कडेला.

पावसाळ्याबद्दल दोन शब्द. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, काठावरच्या गरीला नसते, आणि म्हणून सगळी गर्दी खडकांवर. हणजुणे, काब द राम इथल्या खडकांवर जाण्याआधी पंधरा मिनिटं दूर उभं राहून फक्त लाटा बघा. ज्या खडकावर उभं राहायचं तो त्या पंधरा मिनिटांत एकदा जरी भिजला, तरी तिथे जायचं नाही. शेवाळं आहे, मागे यायला वेळ मिळत नाही. त्यापेक्षा नदीचं मुख बरं. आणि कुंभारजुव्याच्या खाडीत पाण्यात उतरून गरवू नका, तिथे मगरी आहेत. चोडणचं पक्षी अभयारण्यही गरीची जागा नव्हे.

तुटलेली दोरी खिशात घालून घरी आणा. नायलॉनचा तुकडा खारफुटीत अडकला की वर्षानुवर्षं तसाच राहतो, आणि त्यात बगळ्याचा पाय अडकलेला मी सोडवलेला आहे. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे हिवाळ्यात रात्री कासवं अंडी घालायला येतात. त्या किनाऱ्यांवर त्या दिवसांत डोक्याचा दिवा पेटवून बसू नये. उजेडाने मादी परत समुद्रात वळते आणि पिल्लं भलत्या दिशेला जातात.

मागे बसलेल्या मुलांपैकी एकाने विचारलं, एवढं सगळं विकत घ्यायचं तर पैसे किती? बाळा, तुझ्या आजोबांकडे बाटलीला गुंडाळलेली नायलॉनची गरी असेलच. तिला एक सर्कल हुक बांध, उलटा काटा दाबून टाक, थोडं शिसं, आणि एक पकड. पकड पहिल्या दिवसापासून हवी. बाकी रॉड-रीळ पुढे बघू.

एफजी गाठ शिकायची आहे अशा सात-आठ चिठ्ठ्या आल्या आहेत. ती बोलून शिकवता येत नाही. येत्या रविवारी दशमी आहे, म्हणजे आपल्याकडे सातच्या आत पाणी भरेल आणि आठच्या सुमाराला ओहोटी अंगात येईल. मी साडेसहाला बेतीच्या धक्क्याशेजारी असेन. ब्रेडेड लाइनचं रीळ आणि लीडरचा तुकडा घेऊन या, हाताला गुंडाळायला फडकं आणा. आधी गाठी बांधू, पाणी फिरलं की गरवायला बसू.